विसाव्याचा वि ऱ्हस्व

करंजखळ्यात अवसेला औत धरत नाहीत. बैलांना तेवढीच सुट्टी, अशी जुनी रीत. आता गावात बैलजोड्या जेमतेम चार उरल्या आणि बाकीच्यांनी पॉवर टिलर घेतले, पण रीत मोडायची कोणाची छाती नाही, म्हणून अवसेला टिलरही गोठ्यात उभे असतात. सुट्टी नसते ती माणसांना, आणि त्याला कारण गेनूतात्या. गेली दोन वर्षं दर अवसेला सकाळचा चहा पोटात गेला की तात्या खांद्यावर पहार टाकून गल्लीतून हाका मारत निघतो, आणि दिवसभर लोळायचे बेत केलेली धडधाकट माणसं त्याच्या नावानं खडे फोडत टिकाव-घमेली घेऊन बाहेर येतात. हिला म्हणायचं अवसेची टोळी. टोळीचं काम एकच, गावापासून माचीपर्यंतची पायवाट बांधायची आणि बांधलेली सांभाळायची. मजुरी नाही, फोटो नाही. दुपारी तात्याच्या घरची पिठलं-भाकरी मिळते, आणि खरं सांगायचं तर निम्मी टोळी तात्याच्या बायकोच्या पिठल्यासाठीच येते.

पासलीच्या रस्त्यावर एस्टी थांबते तिथं खालचं गाव. त्याच्या पाठीशी जो डोंगर उभा आहे, त्याच्या अर्ध्या उंचीवरच्या सपाटीला वीस-बावीस घरं, ती माची. तिथं गाडी न्यायची तर डोंगराला मागून वळसा घालून तासभर खडखडत जावं लागतं. पायी मात्र समोरून सरळ चढ. ही समोरची वाट दर पावसाळ्यात वाहून जायची आणि दर दिवाळीला लोक तिला शिव्या देत पुन्हा तुडवून काढायचे. तात्यानं पहिल्याच दिवशी टोळीला सांगितलं होतं, "आदी पान्याला वाट द्यायची, मग मानसाला. पानी लई हट्टी. आपुन न्हाई दिली तर ते आपली वाट घेतं." म्हणून टोळीनं आधी वाटेला आडव्या चरी खणून पाणी बाजूला काढलं, उताराच्या अंगाला दगडांच्या ताली रचल्या, आणि मगच पायऱ्यांना हात घातला. वरून माचीच्या बायकाही कामाला लागल्या. ठरलं असं, की वरच्यांनी खाली यायचं, खालच्यांनी वर जायचं आणि मध्यावरच्या मोठ्या करंजाखाली गाठ घालायची.

पायऱ्यांच्या बाबतीत तात्या भयंकर काटेकोर. त्याच्या खिशात कारवीची एक कांडी असायची, बरोबर सहा बोटं लांब. पायरी बसली की कांडी लावून बघायचा, आणि तिच्यापेक्षा पायरी केसभर उंच निघाली तर पुन्हा उखडायला लावायचा. टोळीतला सम्राट एकदा वैतागला. सम्राट म्हणजे दगडावर अक्षरं कोरणारा आमच्या गावचा कारागीर. शाळेची कोनशिला असो की बुद्धविहाराची पाटी, भोर-वेल्ह्यात त्याचा हात ओळखू येतो.

"तात्या, ही पायरी मानसांची हाय का कोंबड्यांची?" तो म्हणाला.

"कोंबड्या चढल्या तर त्यास्नीबी चढू दे," तात्या म्हणाला. "तू उकड."

सहा बोटंच का, हे टोळीत कोणाला ठाऊक नव्हतं. तात्याच्या बायकोला, मंगलला, ठाऊक होतं. पण ती पिठलं ढवळत गप्प बसायची.

तर ते कारण असं. माचीवर तात्याची थोरली बहीण दिलेली आहे, ठकुबाई. तात्या तिला आक्का म्हणतो. आई गेली तेव्हा गेनू दोन वर्षांचा आणि आक्का आठ वर्षांची. तिनं त्याला कडेवर वाढवला. ती स्वतः शाळेत कधी गेली नाही, पण गेनूला शाळेच्या दारात सोडायला रोज जायची आणि तो पळून येऊ नये म्हणून पहिली घंटा होईपर्यंत दारातच बसायची. पुढं ती माचीवर नांदायला गेली, तरी चैत्री पुनवेच्या भैरोबाच्या यात्रेला खाली माहेरी आली नाही असं कधी झालं नाही. यात्रेच्या पुरणपोळीचं पहिलं पान तिचं.

मग आक्काचे गुडघे गेले. गाडीनं आणावं तर तिला गाडी लागते. टेम्पो सुरू झाला नाही तोवर हिच्या पोटात ढवळतं. म्हणून तीन वर्षांपूर्वी यात्रेच्या सकाळी तात्यानं चार गडी घेतले, बांबूला घोंगडी बांधून डोली केली, आणि वाजतगाजत बहिणीला आणायला माचीवर गेला. डोंगरात आजारी माणूस असाच खाली आणतात, त्यात नवल काही नाही. पण आक्का तिच्या दारात उभी राहिली आणि सगळ्या वाडीसमोर म्हणाली, "म्या जित्तेपनी चौघांच्या खांद्यावर बसायची न्हाई. एकदाच बसंन, तवा तुला इच्यारनार बी न्हाई. ने ती डोली माघारी."

रिकामी डोली घेऊन तात्या खाली आला. वाटेत भेटलेल्या प्रत्येकानं विचारलं, "आक्का कुठाय?" ते त्याच्या फार जिव्हारी लागलं. ती येत नाही तर मी तरी कशाला जाऊ, असं त्यानं मनात धरलं आणि तीन वर्षांत माचीवर पाय ठेवला नाही. पण राग धरणं वेगळं आणि करमणं वेगळं. डोलीत बसत नाही ना, मग पायानं ये, पण ये, असं त्याला म्हणायचं होतं. ते तोंडातून निघेना, म्हणून हातातून निघालं. तिची सून सुलक्षणा माचीच्या बायकांची म्होरकी. तिला त्यानं फोनवर गुपचूप विचारून घेतलं होतं, की आक्काचा पाय किती उचलतो. सुलक्षणानं मोजून सांगितलं, सहा बोटं.

मंगल म्हणायची, "वाट बांदाया दोन वरसं लावली. त्यापरीस अर्दा-पाऊन तास चढून गेला आसता तर?"

"तुला त्यातलं कळत न्हाई," तात्या म्हणायचा. तिला सगळं कळत होतं, म्हणूनच त्याला राग यायचा.

फाल्गुनातली अवस आली. पायऱ्या करंजापर्यंत पोचल्या होत्या, वरच्यांचं काम त्याआधीच्या अवसेला संपलं होतं, आणि यात्रेला पंधरा दिवस होते. राहिली होती फक्त मध्यावर बसायची जागा. अर्धी वाट उतरल्यावर आक्काला टेकायला काहीतरी हवं, हे तात्याच्या डोक्यात पहिल्यापासून होतं. ओढ्यात एक लांबरुंद सपाट काळा दगड त्यानं हेरून ठेवला होता. आठ जणांनी पहारी घालून, ओंडक्यांवरून घरंगळत, आरोळ्या ठोकत तो करंजाखाली आणला आणि चांगला आडवा बसवला. तात्या त्यावर बसला, सरकून बघितला, पाय लांब करून बघितले. त्याच्या चेहऱ्यावर असं समाधान होतं, की टोळीनं उगाच टाळ्या वाजवल्या.

"कायतरी लिवलं पायजे," तात्या म्हणाला. "सम्राट, छन्नी हाय नव्हं?"

"काय लिवू?"

तात्यानं हे आधीच ठरवून ठेवलं होतं. भोरला एका बंगल्याच्या फाटकावर त्यानं एक शब्द वाचला होता आणि तो त्याच्या मनात भरला होता. "विसावा," तो म्हणाला. "आन वी मोटा काड, ऐसपैस."

सम्राट कोळशानं आखत होता, तो थांबला. "तात्या, विसाव्याचा वि ऱ्हस्व."

"मोटा बरा दिसंल."

"दिसंल, पन चुकंल. माज्या हातनं दगडावर चुकीचं अक्षर जायाचं न्हाई."

तात्यानं हात टेकले. सूर्य कलायच्या आत दगडाच्या पुढच्या अंगावर वीतभर उंचीचं, खोल, सुरेख अक्षर उमटलं: विसावा. टोळी नारळ फोडून खाली उतरली. त्या दिवशी तात्या आपणहून दोनदा हसला, हे मंगलनं शेजारणीला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी तात्या मुद्दाम करंजाच्या खाली झुडपाआड बसून राहिला. पहिल्यांदा दगडावर कोण बसतं ते त्याला बघायचं होतं. माचीच्या दोन बाया डोक्यावर पाट्या घेऊन उतरल्या. दगडाशी थांबल्या. एकीनं दुसरीला वाचून दाखवलं, दोघींनी पदर कपाळापर्यंत ओढले आणि वाट सोडून घाणेरीच्या काट्यांतून खाली गेल्या. मग माचीचा कोंडिबा आला. वय सत्तरीच्या पुढं, चढानं धापा टाकत होता, आणि बसायला असा राजासारखा दगड समोर असताना तो हात जोडून पुढं सरकला आणि चार पायऱ्या वर जाऊन मातीत बसला.

तात्याला काही उमगेना. तिसऱ्या दिवशीही तेच. चौथ्या दिवशी सुलक्षणाचा फोन आला.

"मामा, त्या दगडावर तुमी काय लिवलंय?" तिनं नमस्कार-चमत्कार न करता विचारलं.

"विसावा. का गं? ग्वाड हाय नव्हं?"

 सुलक्षणा हळू आवाजात म्हणाली, "मामा, आमच्या हितं प्रेत नेताना मधी तिरडी खाली टेकवत्यात ना, त्या जागंला इसावा म्हनत्यात."

तात्या खाटेवर बसला.

खालच्या गावातही मधे तिरडी टेकवतात. पण तिथं त्या जागेला पालट म्हणतात, कारण तिथं खांदेकरी पालटतात. एकच गाव, मधे एक डोंगराची उतरण, आणि मरणाला शब्द दोन. आक्काचा नवरा गेला तेव्हा तात्या माचीवर होता. तेव्हा हा शब्द त्याच्या कानावरून गेलाच असणार. पण तशा दिवशी कोणाचं लक्ष शब्दांकडे असतं?

"आन ते बी अवसंला," सुलक्षणा म्हणाली. "कोंडिबातात्यांनी घरोघर सांगितलंय. आत्याबाईंना कळलंय."

"काय म्हनली?"

"नको मामा."

"सांग."

"म्हनल्या, माज्या भावानं माजा इसावा बांदला. आता तिरडी बी त्यालाच बांदाया सांगा. आन म्हनल्या, मरंपत्तुर त्या वाटंला पाय लावनार न्हाई."

मंगल आधी पोट धरून हसली. हसता हसता तिचं लक्ष तात्याच्या तोंडाकडे गेलं आणि ती थांबली. तो रडत नव्हता, पण त्याचे दोन्ही हात मांडीवर उताणे पडले होते, कामच संपल्यासारखे. दोन वर्षांच्या अवसा, त्या चरी, त्या ताली, एक एक पायरी कांडी लावून बसवलेली, आणि शेवटी बहिणीच्या तोंडावर आपण काय मारलं तर तिचंच मरण. त्याला स्वतःची इतकी चीड आली, की त्या दुपारी त्यानं ताटाला हात लावला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं सम्राटला गाठलं. अक्षरं घासून काढायची तर दगडाचा बोटभर थर जाईल, सम्राट म्हणाला, आणि उलटा करायचा तर कडा फुटतील. शेवटी दोघांनी ठरवलं, निदान तूर्त सिमेंट भरून अक्षरं बुजवावीत. पिशवीत सिमेंट, बाटलीत पाणी आणि सम्राटची हत्यारं घेऊन दोघं करंजाखाली पोचले. सिमेंट धरावं म्हणून सम्राट अक्षरांच्या खोबणी छन्नीनं खरवडू लागला. टक टक टक.

डोंगरात छन्नीचा आवाज लांब जातो. आक्काचं घर माचीच्या अगदी कडेला. आवाज तिच्या अंगणात गेला.

"इसावा अजून कोरायचा ऱ्हायलाय व्हय रं?" ती म्हणाली, आणि काठी घेऊन उठली. सुलक्षणा मागं धावली, पण आक्का राग नाकावर घेऊन निघाली की ती थांबत नाही. तीन वर्षं जी अंगणाबाहेर पडली नव्हती ती पायऱ्या उतरू लागली. आधी काठी, मग डावा पाय, मग उजवा. वरच्या बायकांनीही पायऱ्या सुलक्षणाच्या धाकानं सहा बोटांच्याच केल्या होत्या.

तात्यानं वळून बघितलं तर वरून आक्का येत होती. तिला तसं स्वतःच्या पायानं उतरताना बघून त्याला इतका आनंद झाला, की ती कशासाठी येते आहे हेच तो विसरला. ती समोर येऊन उभी राहिली तेव्हा त्याला आठवलं.

"गेन्या," ती म्हणाली. "म्या कवा जायची ते ठरलंय का? न्हाई, सांग. म्हंजी लुगडं धुवून ठिवते."

"आक्का, तसं न्हाई—"

"तवा डोली घिऊन आला, ती माघारी धाडली, तर आता जागाच बांदून मोकळा! आठ जन लागलं म्हनं दगूड आनाया. माज्यासाटी चौघं पुरत्यात."

हे असं पाच-दहा मिनिटं चाललं. तात्यानं मान खाली घालून सगळं ऐकलं. त्याला सांगायचं होतं, की आमच्याकडं पालट म्हणतात, की मी बंगल्यावर वाचलं होतं, की मला तसं म्हणायचं नव्हतं. पण आक्कासमोर तो अजून शाळेतून पळालेला गेनूच होता. बोलता बोलता आक्काचे पाय थरथरू लागले. सुलक्षणाला ते दिसलं.

"आत्याबाई, जरा बसा."

"त्याच्यावर? मेल्यावर बसंन."

"आत्या, खाली पायरीवर तरी बसा," सम्राट म्हणाला. आक्का गावची लेक, म्हणून गावातल्या सगळ्या पोरांची ती आत्या.

"म्या हुबी हाय ती बरी हाय," ती म्हणाली, आणि काठीवर दोन्ही हात दाबून उभी राहिली. मग तिनं पहिल्यांदाच त्या दगडाकडे नीट पाहिलं. वाचता येत नसलेलं माणूस अक्षरांकडे चित्रासारखं बघतं, तशी ती बघत होती. "ह्यात माजं नाव कुटलं?"

"तुजं नाव न्हाई, आक्का," तात्या म्हणाला.

"मग माजी काठी कशापायी काडली?"

"कुटली काठी?"

"ही काय!" तिनं हातातली काठी उचलून दगडाला लावली. पहिल्या अक्षराच्या वेलांटीची उभी रेघ आणि वरचं उजवीकडे वाकलेलं टोक. तिच्या काठीची वाकडी मूठ त्यावर हुबेहूब बसली.

सम्राट उकिडवा बसला होता. त्यानं काठीकडे बघितलं, अक्षराकडे बघितलं, मग छन्नी खाली ठेवली आणि मोठ्यानं हसायला लागला. आक्कानं त्याला मारायला काठी उगारली.

"आत्या, थांबा! तात्या, वि ऱ्हस्व हाय म्हनून वाचलो बगा!" तो ओरडला. "दीर्घ आसता तर ही काठी सा च्या अंगात घुसली आसती. आता ती एकलीच डाव्या अंगाला हुबी हाय. तिला तशीच ऱ्हाऊ द्यायची. आन व च्या पोटात तिरकी रेघ मारली की काय हुतं?"

 सुलक्षणा शाळा शिकलेली, तिनं हवेत बोटानं रेघ मारून बघितली. "ब हुतो."

"आन व किती हायत?"

"दोन."

"मग बगा तुमी," सम्राट म्हणाला आणि छन्नी उचलली.

पुढचा सगळा वेळ आक्का उभीच. सुलक्षणानं दोनदा बसा म्हटलं, तिनं दोनदा मान हलवली. काय लिवलंय ते कळल्याबिगर बसायची न्हाई, असं तिनं जाहीर केलं. सम्राटनं पहिल्या व च्या पोटात रेघ मारली, मग शेवटच्या व च्या. काठी आणि अक्षर जोडणारी वरची आडवी रेघ त्यानं चिमूटभर सिमेंट लावून बुजवली आणि वर दगडाची काळी भुकटी चोळली. फुंकर मारून तो बाजूला झाला.

"काय म्हनतोय?" आक्कानं विचारलं.

"आत्या, हितं—"

"तू नको. तू त्याच्या टोळीतला. सुलक्षणा, तू वाच."

सुलक्षणा वाकली आणि अक्षरांवर बोट ठेवत म्हणाली, "ही तुमची काठी. आन म्होरं, ब, सा, बा." तिला हसू आवरेना. "बसा बा."

"कोन म्हनतंय?"

"दगूड म्हनतोय, आत्याबाई. बसा बा!"

आक्कानं दगडाकडे बघितलं, मग भावाकडे. "दगडाला कळतंय म्हना की," ती म्हणाली, आणि पदर सावरून, काठी बाजूला ठेवून दगडावर बसली. पाय लांब केले. दोन्ही गुडघ्यांवर हात ठेवून तिनं एक लांब श्वास सोडला.

तात्या तिच्या पायाशी पायरीवर बसला. सुलक्षणा आणि सम्राट उगाचच चरीतला पाला काढायला पलीकडे गेले.

"वाट झ्याक बांदलीस," आक्का म्हणाली.

"व्हय?"

"व्हय. पन हितपत्तुरच आलास. हितनं माजं घर दिसतंय, बग ते. तीन वरसांत तेवडं चढून 'चल आक्का' म्हनला आसतास, तर तोंड झिजलं आसतं?"

"तू डोली माघारी धाडलीस," तात्या म्हणाला. बासष्ट वर्षांच्या माणसाच्या मानानं त्याचा आवाज फारच बारीक निघाला.

"डोली धाडली. तुला धाडला व्हता का?"

 तीन वर्षं त्यानं जो राग जपून ठेवला होता, तो कशाबद्दल होता हेच त्याला आठवेना. डोळ्यांत पाणी आलं ते त्यानं सिमेंटच्या हातानं पुसलं, आणि मग सिमेंट डोळ्यात गेलं म्हणून आणखी पाणी आलं. आक्कानं स्वतःच्या पदरानं त्याचा डोळा पुसला, आणि पुसताना त्याला मूर्ख म्हणाली.

मग ती उठली. सुलक्षणा वरच्या बाजूला हात धरायला आली, तर आक्कानं काठी खालच्या बाजूला वळवली.

"आत्याबाई, घर वर हाय."

"ठावं हाय. निम्मी आलीच हाय. वर जायाला दम लागतो, खाली जायाला गुडघं. माज्याजवळ दोन्ही न्हाई, मग खालीच बरं."

"आवो, यात्रंला अजून धा दीस हायत! तुमची लुगडी, तुमच्या गोळ्या?"

"लुगडं मंगलचं नेसंन. गोळ्या तू घिऊन ये. वाट झालीया नव्हं आता?"

तिला उतरायला तासाच्या वर लागला. वाटेत गुरांमागचे गुराखी थांबून बघत होते, आणि खाली बातमी तिच्या आधी पोचली होती. निम्म्यात आक्का थांबली आणि पायाखाली बघून म्हणाली, "गेन्या, ह्या पायऱ्या इतक्या ठेंगन्या कशापायी रं? पैलवान मानसं तुमी, आन पायऱ्या ह्या आश्या?"

 सम्राटनं तात्याच्या खिशातून कारवीची कांडी उपसून आक्काच्या हातात दिली. "दोन वरसं आमचा जीव खाल्ला हिनं," तो म्हणाला. "सहा बोटं. एका पायरीला सोडलं न्हाई." आक्कानं कांडी पुढच्या पायरीला लावली. मग त्याच्या पुढच्या. मग तिनं ती कमरेला खोचली आणि पुढं उतरू लागली.

अंगणात मंगल भाकरीचा तुकडा आणि पाण्याचा तांब्या घेऊन उभीच होती. "वन्सं, लई दिसांनी पाय लागलं तुमचं," ती म्हणाली. तिनं आक्कावरून तुकडा ओवाळून टाकला, डोळ्यांना पाणी लावलं आणि पाया पडली. ओसरीवर बाजेवर धुतलेली वाकळ अंथरली होती. शेजारपाजारचे दहा-पंधरा जण कुंपणाशी जमले होते.

आक्का बाजेपर्यंत आली आणि थांबली. तासाभराची उतरण झाली होती, तरी ती बसेना.

"वन्सं, बसा की," मंगल म्हणाली.

आक्का बसली नाही. ती तात्याकडे बघत राहिली. तात्याही तिच्याकडे बघत राहिला, आणि कुंपणाशी उभी असलेली माणसं दोघांकडे.

"हितं काय लिवल्यालं न्हाई," आक्का म्हणाली.

 तात्या पुढं झाला, तिच्या हातातली काठी घेतली आणि तिचा हात धरला.

"बस, आक्का," तो म्हणाला.

आक्का बसली. मंगल चहाचं आधण ठेवायला आत गेली.